टाकीतले पत्रे

अरे, मध्ये बोलू नकोस, तू फक्त ऐक. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींची पोरगी रेसची गाडी पळवते ना, ती गाडी महिनाभर रोजच्या सरावात एकाच डाव्या वळणावर मान टाकत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ जिथे गाडी उलटून गेला, तेच वळण!

"बाबा, पाव टाकी पेट्रोल असतं हो, तरी बंद पडते! उद्या शर्यत आहे आणि तुम्ही नुसते पंप बदलत बसलाय!"

मिस्त्री चक्रावले. वेगात वळताना पेट्रोल एका बाजूला पळतं, पंप नुसती हवा ओढतो आणि इंजिन बंद पडतं, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून तर टाकीच्या आत त्यांनी स्वतः आडवे पत्रे बसवले होते, पेट्रोल आतल्या पंपापाशीच अडून राहावं म्हणून. शेवटी त्यांनी टाकी रिकामी केली, धुतली आणि कापली.

आत एकही पत्रा नाही!

कुणीतरी आधीच टाकी उघडून, पत्रे काढून ती परत जोडली होती. तो बारीक, सरळ जोड मिस्त्रींनी बोटाने चाचपला. गॅरेजात असा जोड एकच हात घालतो, आणि त्या हाताला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं होतं, लग्नानंतर.

वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत बायको दारातूनच म्हणाली,

 

"अहो, गाडी तिथे बंद पडते, म्हणून तर पोरगी रोज घरी परत येते."

सांग, तू असतास तर पत्रे परत बसवले असतेस?