अनंताच्या नावाचं पान

"हाय की. माझा अनंता हाय," मागं कुणी आहे का, या प्रश्नाला चतुराबाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

मुकुंदराव वकिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जामबागेतल्या निराधार आश्रमाचे तिघे विश्वस्त ओसरीवरच्या सतरंजीवर बसले होते. वकील, निवृत्त मास्तर हणमंतराव आणि पद्मावतीबाई. पगार कुणालाच नव्हता. देवाचं काम म्हणून येत.

"आहे, तर कुठं आहे?" वकिलांनी विचारलं.

"येईल."

"पोलीस ॲक्शनला वर्ष झालं, बाई. रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेली पोरं केव्हाच घरी परतली."

"माझं लेकरू पहिल्यापासून खुशालचेंडू. बाजाराला धाडावं तर जत्रा बघून यायचं."

पद्मावतीबाईंना हसू फुटलं. त्यांनी लगेच पदर तोंडाला लावला.

चतुराबाई आत गेल्यावर हणमंतराव म्हणाले, "म्हातारीला ठेवून घेऊ, वकीलसाहेब. गावाकडचं घर जळालं. जाईल कुठं?"

"मागं कुणी नाही, त्यालाच इथं जागा. हा नियम तुम्हीच घातलाय, मास्तर. एकदा सूट दिली की अर्धं शहर आपल्या आया फाटकाशी आणून सोडील. बिदरकडच्या दोन बाया ताटकळताहेत, त्यांचं खरंच कुणी नाही. आणि या म्हणतात, मुलगा आहे."

"तो गेला हे त्यांना कळतंय. तोंडून निघत नाही."

"मग निघू द्या. सर्वपित्री अमावास्येपर्यंत थांबतो. त्यानंतर यांनी ओसरी रिकामी करायची."

आश्रमाची एक रीत होती. सर्वपित्रीला तिथल्या बाया आपापल्या गेलेल्या माणसांची नावं सांगत. बायांना तीळपाणी सोडता येत नाही, म्हणून हणमंतराव त्यांचे भाऊ होऊन सगळ्यांसाठी पाणी सोडत. ज्या बाईनं नाव दिलं, तिचं मागं कुणी उरलं नाही, असं विश्वस्त धरून चालत. अमावास्येच्या दिवशी, पितरांच्या साक्षीनं, खोटं कोण बोलेल?

हणमंतराव हौसेनं कीर्तन करत. त्या एकादशीला त्यांनी आश्रमातच कीर्तन लावलं, आणि खरं म्हणजे एकट्या चतुराबाईंसाठी लावलं. देवानं दिलेलं देवाला परत करताना हात कसा थरथरतो, हे सांगताना त्यांचाच आवाज ओला झाला. झांज थांबली तरी बाया डोळे पुसत होत्या. चतुराबाई मात्र खांबाला टेकून नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी बुक्का लावायला वाकलेल्या मास्तरांना म्हणाल्या, "गळा गोड हाय तुमचा. पण माझा अनंता येईल."

दोन दिवसांनी त्या देवाला फुलं आणायला बाजारात गेल्या. परतल्या त्या उन्हं कलल्यावर, रिकाम्या हातानं. जेवल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

पद्मावतीबाईंनी पाठीवरून हात फिरवला, तशा म्हणाल्या, "बाई, अमावास्येला माझंबी एक नाव घ्यायला सांगा मास्तरांना."

हणमंतरावांना हे कळलं तेव्हा ते देवघरात जाऊन बसले. कीर्तन एवढं खोल उतरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. देवापुढं डोकं टेकताना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

अमावास्येला चतुराबाई सगळ्यांच्या शेवटी पाटासमोर बसल्या.

"नाव?"

"अनंत."

"नातं?"

"लेक."

हणमंतरावांनी तीळ घेतले. तळहातावरून पाणी ओघळायला लागलं, तेव्हा चतुराबाई हळूच म्हणाल्या, "जरा सावकाश सोडा, मास्तर."

त्यांनी सावकाश सोडलं. वकिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "आतल्या खोलीतली खिडकीजवळची खाट यांना द्या," एवढंच बोलले.

नावानावाची पानं मांडली. भात, वडे, खीर. कावळे आले, एकेका पानाला शिवून गेले. अनंताच्या पानाशी मात्र एकही उतरेना.

"इच्छा राहिलीय लेकराची," पद्मावतीबाई पुटपुटल्या.

हणमंतराव पानासमोर हात जोडून उभे राहिले. "अनंतराव, आईची काळजी सोडा. आम्ही तिघं आहोत. हिला शेवटपर्यंत अंतर देणार नाही."

कावळा फांदीवरच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. सगळे तिष्ठत होते. अखेर चतुराबाईच उठल्या. "ऱ्हाऊ द्या. गाईला घालून येते मी," म्हणाल्या आणि पान दोन्ही हातांवर घेऊन फाटकाबाहेर गेल्या.

आत पंगत बसली. त्यांचा पाट रिकामा पाहून हणमंतराव स्वतः बोलवायला निघाले. आज या माउलीला आपल्या हातानं वाढायचं, असं त्यांच्या मनात होतं.

गल्लीत गाय नव्हती. भिंतीच्या सावलीत चतुराबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर इस्त्रीचा कोट घातलेला एक तरुण.

"परवा बाजारात ठरलं तशी मिळाली ना जागा?" तो विचारत होता. "सासरेबुवांनी सकाळपासून दोनदा विचारलं."

"मिळाली. खिडकीजवळ हाय."

"बरं झालं." त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि पानातला वडा उचलायला हात पुढं केला.

चतुराबाईंनी पान झटकन छातीशी ओढलं.

"हे नको खाऊस, अनंता. तुझ्याच नावानं वाढलंय."