जिन्यातला दिवा

चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत एस्तेरबाईंची चिठ्ठी सलग तीन रविवार आली. “जिन्यातला दिवा गेलाय. अंधारात पडू नये म्हणून प्रार्थना करा.”

आमच्या तरुण संघाने तिन्ही वेळा डोळे मिटून प्रार्थना केली. तिसऱ्यांदा तर मला रडू आलं.

त्याच आठवड्यात बाई जिन्यावरून पडल्या आणि गेल्या.

माती देऊन आल्यावर मी बल्ब घेऊन त्यांच्या घरी गेले. जिन्याच्या वरच्या टोकाला, होल्डरखाली स्टूल मांडलेलं होतं. त्यावर नवाकोरा बल्ब होता.

“दर रविवारी मांडायच्या,” खाली राहणाऱ्या काकू म्हणाल्या. “म्हणायच्या, उपासना सुटली की संघातली पोरं येतील.”

पाळक अजूनही म्हणतात, “डोळे मिटू या.” मी मिटत नाही. मिटले की ते स्टूल दिसतं.