श्रावणातला राउटर

इंजिनियर बेसिलनं राउटरचं झाकण उचललं आणि लगेच मान बाजूला फिरवली. आतून सडक्या मासळीचा वास आला, तोही तापलेला.

"बघा," दारातून शाखाधिकारी मोहितेसाहेब म्हणाले. नाकाला रुमाल लावूनच ते उभे होते. "मी हेड ऑफिसला काय कळवलं होतं? या बाईंना श्रावणातसुद्धा राहवत नाही."

या बाई म्हणजे मर्लिन डाबरे. बँकेच्या आगाशी शाखेत कॅशला बसायची, अजून कायम झालेली नव्हती. तिला कायम करू नये असं पत्र साहेबांच्या टेबलावर टाइप होऊन पडलं होतं. कारण दिलं होतं, की ती कॉम्प्युटरच्या खोलीत खाण्यापिण्याच्या वस्तू नेते, यूपीएसच्या पॉइंटला चहाची किटली लावते, म्हणून राउटर बंद पडतो आणि काम ठप्प होतं. फक्त इंजिनियरच्या रिपोर्टची नक्कल जोडायची राहिली होती.

"माझ्याकडे किटलीच नाहीये, सर," साहेबांच्या मागून मर्लिन म्हणाली. हे तिनं आठवडाभर सांगितलं होतं.

सकाळपासून बेसिलनं पॉइंटला मीटर लावून पाहिलं होतं, यूपीएस तपासला होता, वायर बदलली होती. वीज अगदी ठीक होती. तरी राउटर तासाभरात आपोआप बंद पडायचा आणि गार झाला की पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी त्यानं बाजूच्या जाळीसमोर हात धरला होता. हवा लागली नाही. पंखा फिरतच नव्हता.

आता कारण समोर होतं. पंख्याच्या पात्यांत जवळा अडकला होता, बारीक सुकी कोळंबी. चिमूटभर नव्हे, ठासून. पावसाळी हवेनं दमटलेला, मशीनच्या उष्णतेनं उकडलेला, मुळाशी त्याचा काळा चिकट लगदा झालेला. बेसिल चिमट्यानं ओढायला लागला, तर टरफलं तुटून येत आणि बारीक काळे डोळे तिथेच चिकटून राहत. बेसिल जन्माचा वसईकर, जवळ्याच्या चटणीवर वाढलेला. त्यानंही नाकावर बाही धरली.

"शी," साहेब म्हणाले. "आमच्या घरात या महिन्यात अंडंसुद्धा येत नाही."

नाकानं कांदे सोलावेत ते मोहितेसाहेबांनीच. श्रावणात कुणीही डब्यात मासळी आणू नये, अशी नोटीस त्यांनी लावली होती. ज्यांच्या घरी श्रावण नसतो त्यांनीसुद्धा. मर्लिन पंधरा दिवस मागच्या पायरीवर, जनरेटरच्या धुरात डबा खात होती.

बेसिलनं राउटर फळीवरून पुढे ओढला. मागे वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर आणखी जवळा, हातानं नीट विरळ पसरलेला. गरम हवा बाहेर पडते ती बाजू बरोबर हेरली होती. पण माल जास्त आणि फळी लहान, म्हणून कागद वाढत वाढत मशीन हवा आत ओढतं तिथवर गेला होता. खालच्या थरात अळ्या वळवळत होत्या.

"या खोलीची चावी कुणाकडे असते?" बेसिलनं विचारलं.

"सरांकडे," मर्लिन म्हणाली. "खिशातच असते."

"कधीकधी टेबलावर राहते," साहेब म्हणाले. "कुणीही उचलेल."

बेसिलनं कागदाची चारही टोकं धरून पुरचुंडी केली आणि कचऱ्याच्या बादलीकडे वळला.

"अहो, टाकता कशाला?" साहेबांचा रुमाल नाकावरून खाली आला. त्यांनी पुरचुंडी हातातून काढूनच घेतली. "वरचा चांगला आहे. अळ्या काय, ऊन दाखवलं की जातात."

बाहेर काउंटरवर कुणीतरी पासबुक आपटत होतं.

मग साहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. कळंबच्या किनाऱ्यावरचा एक खातेदार, कर्ज मंजूर झालं म्हणून प्रेमानं जवळा देऊन गेला. नाही कसं म्हणायचं? पावसात मऊ पडला. मिसेस श्रावणात उंबऱ्याच्या आत घेऊ देत नाहीत, आणि इथे चोवीस तास फुकट ऊब. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, की जणू अन्याय त्यांच्यावरच झाला होता. चोराच्या उलट्या बोंबा एक वेळ ऐकवतात, हे लाडिक बोलणं ऐकवत नाही.

"रिपोर्टात पॉवर प्रॉब्लेम लिहा," ते बेसिलला म्हणाले.

"पॉवर ठीक आहे, साहेब." बेसिलनं रिपोर्टच्या वहीत कार्बन घातला आणि लिहिलं: वीजपुरवठ्यात दोष नाही. पंखा जवळ्यामुळे जाम. जवळा स्वतःचा असल्याचं शाखाधिकाऱ्यांनी समक्ष सांगितलं. "सही झाल्याशिवाय मला नवा पंखा बसवता येत नाही."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग मर्लिनकडे वळले आणि तिच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले.

"मिस डाबरे, यातला निम्मा तुम्ही न्या. तुमच्यात श्रावण नसतो ना? ते पत्र मी फाडतो. तुम्ही फक्त यांना रिपोर्ट बदलायला सांगा. तुमच्यातलेच आहेत, ऐकतील तुमचं."

कागदाच्या घडीतून एक अळी निघून साहेबांच्या अंगठ्यावर चढली होती. त्यांचं लक्षच नव्हतं. मर्लिन एक पाऊल मागे सरकली. अळी तर तिनं घरी तांदळातही पाहिली होती. मागे सरकली ती त्या हसण्यानं.

तिनं आपलं पेन पुढे केलं. "सही करा, सर. लोक थांबलेत."

बाहेर आता दोघं-तिघं एकदम ओरडायला लागले होते. साहेबांनी पुरचुंडी काखेत धरली, सही केली, शिक्का मारला. बेसिलनं एक प्रत फाडून मर्लिनच्या हातात दिली.

जवळ्यानं बरबटलेल्या बोटांनी साहेबांनी पेन परत केलं.

"राहू द्या," मर्लिन म्हणाली. "ते आता तुमच्याकडेच ठेवा."