कडूबाची बंडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची कौशल्याबाई धापा टाकत मनकर्णाबाईच्या अंगणात आली. एरवी कुंपणापलीकडून हाका मारणारी बाई, आज थेट चुलीपर्यंत आली.

"मनकर्णाबाई, कडूबाले वावरातून धरून चावडीवर नेलं. पाटलाचा पुतण्या शेषराव नाल्यात मरून पडला हाये. डोस्कं फुटलं त्याचं."

"मंग माह्या पोराचं काय त्याच्यात?"

"उकंडरावानं फौजदाराले सांगतलं, काल दुपारी कडूबाले नाल्यावरून येतानी पाह्यलं. बंडीवर रगत होतं म्हणे. फौजदार झडती घ्याले येऊन राह्यले."

एवढे सांगून कौशल्याबाई आल्या पावली परत फिरली. झडतीच्या घरात सापडायची हौस कोणाला असते?

मनकर्णाबाईने खुंटीवरची बंडी ओढली. छातीपासून खांद्यापर्यंत लाल डाग, रात्रभरात वाळून कडक झालेले. काल सकाळी बैल धुताना कडूबा आणि शेषराव एकमेकांच्या नरड्याला लागले होते. तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, एवढ्यावरून. दुपारी कडूबा न सांगता बाहेर गेला. तोरणाच्या वेळेला घाईघाईने आला, बंडी खुंटीला टाकली, दुसरी चढवली आणि बैल घेऊन निघाला. कुठे गेला होतास, हे तिने विचारले नव्हते. सणासुदीचे कशाला विचारायचे?

शिंगांचा रंग तिच्या मनातही आला नाही. घरच्या जोडीची शिंगे यंदा त्याने हिरवी केली होती. अंगणात दोन्ही बैल हिरवी शिंगे हलवत कडबा खात होते.

खून केला असेल तर असो. पोर तिचे होते. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, फासाचा दोर.

डाग काढायला बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. रक्ताला थंड पाणी. तिने बंडी घंगाळात बुडवून चोळली. पाणी निवळशंख राहिले. तिने ते पाहिले, पण पाहून उमगण्याइतके भान तिला उरले नव्हते. वाळले म्हणून निघत नसेल, असे म्हणत तिने राख लावली, रिठ्याचा फेस केला, बंडी दगडावर आपटली. बोटांची सालटी निघाली. डाग जसेच्या तसे.

मग तिला आठवले. गाडीचे वंगण धोतराला लागले की ती घासलेट लावायची. तिने चिमणी उचलली आणि होते नव्हते तेवढे घासलेट बंडीवर ओतले. डाग सुटायला लागले. लाल ओघळ दगडावरून मातीत उतरले. ते मुरेपर्यंत तिने त्यांच्यावर पाणी ओतले आणि वरून शेण सारवले. बंडी पांढरी झाली तेव्हा ती देवाला हात जोडून रडली.

तेवढ्यात माणसे आली. पुढे फौजदार, मागे कागद घेतलेला कारकून, दोन शिपाई, पंच म्हणून आणलेला नाल्यापलीकडचा गुलाम रसूल, आणि मध्ये हात बांधलेला कडूबा. कडूबा घाबरलेला नव्हता. आईला पाहून त्याला धीरच आला.

"माय, काल खुंटीले टाकेल बंडी आन. दाखव साहेबाले." मग तो फौजदाराकडे वळला. "साहेब, हिंगूळ हाये तो. या गुलाम चाचाच्या बैलाईची शिंगं रंगोली मी. जवसाच्या तेलातला रंग पाण्यानं हालत नाही. रगत असन तं निंघन. तुमीच पाणी टाकून पाहा."

"हाव साहेब," गुलाम रसूल म्हणाला. "बैलानं मुंडकं झटकलं, सारा रंग याच्या आंगावर उडाला."

"तुमचा शब्द आहे आणि उकंडरावांचाही आहे," फौजदार म्हणाला. "बंडी दाखवा. डाग रंगाचेच ठरले तर इथूनच सोडून देतो."

बंडी मनकर्णाबाईच्या हातातच होती. ती टपटप गळत होती.

फौजदाराने ती घेतली, उलटीपालटी केली, नाकाशी नेली. घासलेटाच्या भपकाऱ्याने त्याने मान मागे घेतली.

"कोणी सांगितलं धुवायला?"

"कोनीच नाही."

"मग धुतली कशाला?"

तिने कडूबाकडे पाहिले. त्याचे तोंड उघडेच राहिले होते. तेव्हा कुठे तिला सगळे एकदम कळले, आणि ती किंचाळलीच.

"साहेब, रगत नव्हतं ते! पाण्यानं हाललंच नाही, मी चोळूचोळू पाह्यलं! घासलेटानंच निंघालं! मले वाटलं रगत हाये, म्हून धुतलं!"

कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

"शेवटचं पुन्हा सांगा बाई. सावकाश."

कोणीतरी आपले ऐकून घेते आहे, याने तिला केवढे बरे वाटले! तिने शब्दन् शब्द नीट उच्चारला.

"मले वाटलं रगत हाये, म्हून धुतलं."

कारकुनाने तेवढेच लिहिले, वाचून दाखवले आणि तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला.

"माय," कडूबा म्हणाला, "तुले बी वाटलं का वं?"