तवंग

बाबांची बोट खाडीत बुडाली आणि ते काही सापडले नाहीत. बोटीतून झिरपणाऱ्या तेलाचा तवंग तेवढा पाण्यावर चमकत राही. आई रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघे, तेव्हा लेक तिला हाताला धरून आत आणायची.

लेक प्रयोगशाळेत समुद्रातले जीवाणू वाढवायची. साबणासारखं काहीतरी सोडून ते तेल फोडायचे आणि फस्त करायचे. तिने ते नेऊन बुडालेल्या बोटीवरच सोडले. हळूहळू पाणी लख्ख झालं.

"बघ आई, एक डागसुद्धा उरला नाही."

आईची नजर खाडीभर भिरभिरत राहिली.



"अगं, मग आता तुझ्या बाबांकडे बघायचं कुठे?"