गारव्याची खोली

दार लोटलं आणि शिंपीणबाईंचा पाय उंबऱ्यावरच अडला. आत सगळी गल्ली झोपली होती.

कोणी कुशीवर, कोणी पालथं, कोणी दुसऱ्याच्या पायाशी डोकं देऊन. रात्रपाळीचा वेल्डर तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याच्या पलीकडे दोघी लेकुरवाळ्या, मधे त्यांची लेकरं. वर्षागणिक उन्हाळा चढत चाललेला, बाहेर घराघरांवरचे पत्रे तव्यासारखे तापलेले; आणि इथे हातभर जाड मातीच्या भिंती, दुहेरी छत, वरच्या झरोक्यातून गरम हवेला वाट. खोली गल्लीनंच आखली, गल्लीनंच लिंपली. पैसा तेवढा देणगीदार संस्थेचा.

संस्थेच्या विश्वस्तबाई आज ही खोली बघायला येणार होत्या. मनात भरली, तर खालच्या गल्लीतही अशीच खोली होणार. खालच्या गल्लीत शिंपीणबाईंची लेक राहायची. तिचं तान्हं घामोळ्यांनी अंगभर फुललं होतं, दिवसभर डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"मावशी, उठवा की यांना," गल्लीला आखणीत मदत करणारी आर्किटेक्ट पोरगी कुजबुजली. स्वागताचा गुच्छ तिच्या हातातच कोमेजायला लागला होता. "भाषणं ठरलीत. गाडी कोपऱ्यावर आली."

शिंपीणबाईंनी वेल्डरच्या खांद्याकडे हात नेला. पत्र्याखाली अख्खा उन्हाळा तळमळत काढणारा, सदा लाल डोळ्यांचा, शब्दाशब्दाला खेकसणारा माणूस. आत्ता त्याचा चेहरा धुऊन ठेवल्यासारखा दिसत होता. लेकीचं तान्हं डोळ्यांपुढे आलं. तरी हात मागे आला.

"माझ्यानं नाही व्हायचं, बाई. तू उठव."

पोरगी दोन पावलं पुढे गेली आणि तशीच मागे आली.

विश्वस्तबाई घाम पुसत दारात उभ्या राहिल्या. आत बघून थबकल्या.

"कार्यक्रम कधी सुरू होणार?"

"सुरूच आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. "जरा हळू बोला."

पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले.

विश्वस्तबाईंनी चपला काढल्या. भिंतीला तळहात लावून पाहिला, मग गाल. मग वेल्डर आणि लेकुरवाळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसल्या. "पाचच मिनिटं," म्हणाल्या, आणि मान भिंतीला टेकली.

ऊन कललं तेव्हा त्या उठल्या. आखडलेला गुडघा चोळत पोरीच्या कानाशी वाकल्या.

"खालच्या गल्लीतली खोली जरा ऐसपैस बांधा. पाय पसरता आले नाहीत."