उलटं फिरवलेलं चाक

मोटरच्या शाफ्टवर दातेरी चाक बसवताना वहिनी ते आधी जरासं उलटं फिरवायची. शेजारच्या चाकाशी दाते जुळल्याचं बोटांना कळलं की मगच दाबायची. दिराला कारखान्यात चिकटवलं तिनंच आणि हे शिकवलंही तिनंच. साहेबांनी रोबोला शिकवायला जाणता हात मागितला, तेव्हा दिरानं ही युक्ती आपलीच म्हणून दाखवली. रोबोच्या मनगटातल्या सेन्सरनं तो दाब टिपला, दीर सुपरवायझर झाला आणि वहिनीचं काम गेलं. आज लॉकर रिकामा करायला आलेली ती रोबोपाशी थबकली. त्यानं चाक टेकवलं, जरासं उलटं फिरवलं, मगच दाबलं. दिराची मान खाली गेली. “भावोजी, ह्यानं शिकताना किती चाकं मोडली?” “एकही नाही.” “हुशार आहे हो,” वहिनी हसून म्हणाली. “तुम्ही पहिल्या आठवड्यात सात मोडली होतीत. साहेबांना मात्र मी सांगितलं, सगळी माझ्याच हातून मोडली.”